लेक बकनियर: पॉवर दिली की नाक खाली का जातं?

प्रश्न: लेक बकनियर हे जमीन आणि पाणी दोन्हींवर उतरणारं छोटं विमान. गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) थ्रॉटल, म्हणजे पॉवरचा दांडा, उघडला की नाक दबतं, कमी केला की वर येतं. कारण काय, आणि हात कसा बसवावा?

उत्तर १: इंजिन केबिनच्या वर, पायलॉनवर (उंच खांबावर) आहे. इंजिनाचा रेटा गुरुत्वमध्याच्या बराच वरून लागतो, म्हणून नाक खाली जातं. थ्रॉटल सावकाश उघडा, त्याच वेळी योक (नाक वर-खाली करणारं सुकाणू) मागे घ्या. खरा धोका टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर! नाक आपोआप उठतं, वेग झपाट्याने घसरतो. योक ताबडतोब पुढे. तिथे थबकलात तर स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाणं, आणि 200 फुटांवर सावरायला जागाच नसते.

उत्तर २: वरच्याशी सहमत. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. लँडिंगची स्थिती आधीच धरा, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण 150 फुटांनी उतरा. नजरेच्या भरवशावर फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) नको. पाण्यावर उतरताना चाकं वर आहेत हे मोठ्याने म्हणा. खाली राहिली तर विमान उलटण्याचीच शक्यता जास्त.

उत्तर ३: उड्डाणाआधी हलमधलं (विमानाच्या होडीसारख्या तळातलं) पाणी काढलंत ना? 20 लिटर म्हणजे 20 किलो, आणि नाक उचललं की ते मागे धावतं. गुरुत्वमध्यही मागे सरकतो.