विद्यापीठ हिरेबागेवाडीला, मग निपाणीच्या पोरांनी काय करायचं?

निपाणीचा_दादा
बहिणीला एमएला घालायचंय, मराठीच. घरचे म्हणतात राणी चन्नम्मा विद्यापीठात घाल. ते भूतरामहट्टीला, आमच्याच रोडला आहे, संकेश्वर सोडलं, घाट चढला की आलंच. खरं आता कॅम्पस हिरेबागेवाडीला म्हणतात, म्हणजे अख्खं बेळगाव ओलांडून धारवाड रोडला. रोज जाऊन येऊन जमेल का? की सरळ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ बघू?

पीजी_सेंटरवाला
आमच्या टायमाला त्याला विद्यापीठ कोण म्हणतंय ओ, पीजी सेंटर म्हणायचं, म्हणजे एमए-एमएस्सीचं केंद्र. १९८२ ला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं सुरू केलेलं, त्यामुळं मार्कलिस्टचं काय काम निघालं की सकाळी डबा बांधून धारवाडची बस. २०१० ला त्याचंच विद्यापीठ केलं आणि बेळगाव, विजापूर, बागलकोट तीन जिल्ह्यांची कॉलेजं एकदम गळ्यात आली, बागलकोट नंतर वेगळं झालं ते सोडा. जागा चढावर, वारं असलं की पावसाळ्यात हायवेवरनं वर जाईपर्यंत छत्री उलटी होऊन फक्त दांडा हातात, वर्गात निम्मी पोरं ओली बसलेली. बाजूला झू, आता तिथं सिंह पण आणलेत, तेव्हा हरणंच होती. वाढवायचं म्हटलं तर जमीन वनखात्याची, हात बांधलेले, म्हणून तर हिरेबागेवाडी धरली.

काकतीकर
चन्नम्मा आमच्या काकतीची लेक, दिली कित्तूरला. विद्यापीठ पण तसंच, एवढी वर्षं माहेरच्या वाटेवर होतं आता कित्तूरच्या रोडला लागलंय, सासरी चाललंय म्हणा 😄

खानापूरची_मुलगी
दादा जोक बाजूला, रोज निपाणी करू नका. मी खानापुरातनं दोन बस बदलून भूतरामहट्टीला जायची, परत यायला अंधार व्हायचा, पहिल्या सेमला लायब्ररीत तासभर पण बसले नाही बघा. शेवटी बेळगावात रूम केली. बहिणीचं डिपार्टमेंट कुठल्या कॅम्पसला बसतंय ते ऑफिसात विचारूनच रूम बघा, नाहीतर रूम काकतीला आणि क्लास हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याच्या पलीकडं.

पीजी_सेंटरवाला
आणि कोल्हापूर पण बघाच. निपाणीहून ते बेळगावपेक्षा जवळ. तुमचं गाव महाराष्ट्रानं मागितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर सवलतीचं विचारा, दाखला आधी काढून ठेवा, ॲडमिशनच्या गर्दीत धावपळ नको.

निपाणीचा_दादा
गाव यादीत आहे. बहीण आता म्हणते कुठंपण घाल, खरं हॉस्टेल पाहिजेच. बाबा अजून "रोज येऊन जा" वरच अडलेत, त्यांना छत्रीचं वाचून दाखवतो.