महिन्याचे दीड हजार : गरिबाला आधार की सरकारची पळवाट?

गोदाकाठ (पंचवटी)

लाडकी बहीण योजनेचे पैसे ऑगस्ट २०२४ पासून जमा होऊ लागले. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १५०० रुपये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. एवढ्या पैशाने गरिबाचं खरंच भलं होतं का, यावर मोकळेपणाने बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

माझ्या मते होत नाही. पैसे देणं वाईट नाही, पण ते कुठून काढले ते बघा. २०२५ मध्ये आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय खात्यांचा निधी या योजनेकडे वळवला गेला. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. त्याच वर्षी आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी त्याच्या दारात बिऱ्हाड मांडून बसले होते, कारण त्यांच्या जागी बाहेरच्या कंपनीमार्फत माणसं भरायचं ठरलं होतं. म्हणजे सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या आईच्या खात्यावर दीड हजार येणार, आणि तिच्या पोराला शिकवायला कायमचा मास्तर नसणार.

पोराला ताप आला की डॉक्टरची फी, रक्ताची तपासणी आणि गोळ्यांत महिन्याचा हप्ता एका दुपारी संपतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर आणि औषध दोन्ही असतं तर तेच पैसे घरात राहिले असते. मला ही सरकारची पळवाट वाटते. पैसे दिले की शाळा, दवाखाना, रोजगार यांचा जाब विचारणारं कोणी उरत नाही.

बागायतदार (निफाड)

शंभर टक्के सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार, असे १२ हजार मला मिळतात. (नमोचा लाभ घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे पाचशेच मिळतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं.) आता दुसरी बाजू बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. एकरी शंभर क्विंटल कांदा धरला आणि क्विंटलमागे फक्त दोनशे रुपये भाव पडला, तरी एका एकरात २० हजार गेले. दोन्ही योजनांचं वर्षभराचं अनुदान त्यात बुडालं आणि वर आठ हजार खिशातून गेले. मला अनुदान नको, माझा बाजार मोकळा सोडा.

आणि मजुरांचं काय? माझ्या द्राक्षबागेत ऐन विरळणीच्या (घडातले जास्तीचे मणी काढायच्या) दिवसांत बाया मिळत नाहीत. मिळाल्या तरी रोज (दिवसाची मजुरी) वाढवून मागतात. घरबसल्या पैसे आले तर उन्हात कोण राबेल?

अंगणवाडी ताई (पेठ तालुका)

बागायतदार काका, तुमचं कांद्याचं म्हणणं सोळा आणे खरं. पण मजुरांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे भाताची आवणी (लावणी) आटोपली की पुढचे दोन महिने कठीण जातात. घरातली नागली संपलेली असते, नवा दाणा खळ्यावर यायला अवकाश असतो आणि पावसामुळे हाताला कामही नसतं. रेशनचा तांदूळ मिळतो, पण तेल, मीठ, मिरची आणि दवाखान्याचं काय? तेव्हा लोक मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतात. उचल घेताना पुढच्या हंगामाचा रोज ठरवायची सोय नसते, तो मुकादम ठरवतो. मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी लागली की अख्खं कुटुंब दिंडोरी-निफाडच्या बागांत. घेतलेले पैसे फिटेपर्यंत दुसऱ्या बागेत जाता येत नाही, लेकरू आजारी पडलं तरी घरी परतता येत नाही.

माझ्या पाड्यावरच्या एका बाईने गेल्या पावसाळ्यात उचल घेतलीच नाही. खात्यावरचे पैसे तिने बाजाराच्या दिवशी थोडे थोडे काढले. अंगठा लावून पैसे देणारा दर खेपेला वीस-तीस रुपये कापून घेतो, तेही तिने सोसलं. मुकादम दोनदा घरी येऊन गेला. तिने त्याला सांगितलं, "आधी रोज सांग, मग गाडीत बसते." शेवटी दुसऱ्या टोळीबरोबर, चांगल्या रोजावर गेली आणि धाकट्याला आजीकडे ठेवून गेली. त्याचं वजन माझ्या रजिस्टरला आहे. आधीच्या हंगामात ते मूल आईबरोबर बागेत होतं, तेव्हा ते घटलं होतं. यंदा घटलं नाही.

ती घरी बसली नाही, काका. कामालाच गेली, पण उचलीवर गेली नाही. तुम्हाला मजुरांची टंचाई वाटते ती ही असेल.

बागायतदार (निफाड)

ताई, मी उचल देऊन कुणाला अडकवत नाही. माझ्याकडे तीच तीच कुटुंबं वर्षानुवर्षं येतात. पण रोज वाढवायचा तर तो आणायचा कुठून? औषधं, खतं सगळं महागलं. अवकाळी आला की मणी तडकतात आणि व्यापारी ठरलेला भाव खाली आणतो. मजुराला सरकारने उभं केलं, मला कोणी केलं नाही. ही माझी तक्रार मजुराविरुद्ध नाही, एवढं समजून घ्या.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी (गंगापूर रोड)

पैसे मिळाले की गरीब आळशी होतो, हा समज तपासून झालेला आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजनांचे निष्कर्ष एकत्र तपासले. पैशांमुळे लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात २०११ मध्ये कष्टकरी बायांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. त्या घरांचं खाणंपिणं सुधारलं.

तरी एका बाबतीत मी गोदाकाठ काकांच्या बाजूने आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकोच्या योजनेत पैसे मुलांच्या शाळेतल्या हजेरीशी आणि दवाखान्यातल्या तपासणीशी जोडलेले होते. शाळा आणि दवाखानाच जागेवर नसेल तर अशी योजना उभीच राहू शकत नाही.

अंबडची कामगार (सिडको)

मी कंत्राटावर पॅकिंगला आहे. अभ्यास मला कळत नाही, अनुभव सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. माझे दोघेही वारलेले. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार?" जिला सगळ्यात जास्त गरज, तीच अडकली. पुढे विधवांसाठी वेगळी सोय केली म्हणे, पण तोवर मी खाडा करून किती खेटे घातले, ते पैसे कोण देणार? आणि याच यादीत १४ हजारांवर पुरुष सापडले होते!

पैसे नकोत असं मी म्हणत नाही. त्यावर मुलीच्या क्लासची फी भरत होते. हप्ता लांबला की फी लांबते, आणि मुलीला सगळ्यांसमोर विचारतात.

गोदाकाठ (पंचवटी)

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि माझा मुद्दा आणखी पक्का झाला. लाडकी बहीण शासन निर्णयावर चालते, त्यामागे कायदा नाही. यादीत नाव ठेवायचं की काढायचं, हे सरकारच्या मनावर. विधानसभेच्या प्रचारात २१०० चा शब्द दिला, तो तोंडचाच राहिला, आणि त्यासाठी कुणी कोर्टात जाऊ शकत नाही. याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. काम मागणं हक्क झाला, काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायची जबाबदारी सरकारवर आली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली होती. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. गरिबाला असं काहीतरी द्या की ते काढून घेताना सरकारला विचार करावा लागेल. दीड हजार निवडणुकीच्या तोंडावर येतात आणि निवडणूक झाली की छाननी सुरू होते.

अंगणवाडी ताई (पेठ तालुका)

काका, मग त्याचाही कायदा करा म्हणा. बंद करा का म्हणता? रोजगार हमीवर मीही राबले आहे. मस्टर भरल्यावर मजुरी किती उशिरा आली ते मला विचारा. मुकादमाची उचल मात्र त्याच दिवशी हातात पडते, म्हणूनच लोक तिकडे जातात. आश्रमशाळेला मास्तर हवाच, त्यासाठी मीही मोर्चात येईन. पण तो येईपर्यंत आवणीनंतरचे दोन महिने बाईने काय खाऊन काढायचे, याचं उत्तर तुमच्या दोन्ही प्रतिसादांत मला सापडलं नाही.

गोदाकाठ (पंचवटी)

उत्तर देतो. त्या दोन महिन्यांत गावातच रोपवाटिकेची आणि झाडं लावायची कामं काढा, आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्या. ३६ हजार कोटी खर्चायची ताकद असलेल्या सरकारला हे जमणार नाही, हे मला पटत नाही.

अंगणवाडी ताई (पेठ तालुका)

पुढच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडते, काका. मसुदा तुम्ही लिहून द्या, तुमचा कायद्याचा अभ्यास आहे. पण बाळंतीण आणि म्हातारी झाडं लावायला येणार नाहीत, म्हणून खात्यावरचे पैसे चालू ठेवावेत हे त्याच ठरावात दुसऱ्या ओळीला लिहा. ती ओळ नसेल तर मी सही करणार नाही.