जुन्या ब्रिटिश अद्भुत मालिकांची मोहिनी

प्रश्न: १९७० च्या दशकातील ब्रिटिश अद्भुत मालिकांचे नेपथ्य साधे आणि खर्च तुटपुंजा असूनही त्या आजही मनाची पकड सोडत नाहीत, याचे कारण काय असावे?

प्रतिसाद १: ‘सफायर अँड स्टील’ (१९७९-८२) अवश्य पाहावी. तिच्या ६ कथांपैकी दुसरी एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात घडते. मोजकी पात्रे, अंधार आणि दीर्घ संवाद यांवरच तिथे भीती उभी राहते, आणि सफायर व स्टील हे दोन नायक मुळात कोण आहेत हेही मालिका कधी नीट उलगडून सांगत नसल्यामुळे प्रेक्षकाची कल्पनाशक्ती सतत जागी राहते.

प्रतिसाद २: माझ्या मते आवाजाचा वाटा अधिक मोठा आहे. ‘चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स’चे (१९७७) चित्रीकरण इंग्लंडमधील एव्हबरी गावाच्या प्राचीन शिलावर्तुळात झाले, हे महत्त्वाचे आहेच, पण तिच्यातील समूहगायनाने अंगावर काटा येतो. आणि ही मालिका मुलांसाठी होती!

प्रतिसाद ३: सहमत. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोग विभागात डेलिया डर्बीशायर यांनी संगीतकार रॉन ग्रेनर यांची ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेची शीर्षकधून ध्वनिफितीचे तुकडे कापून आणि जोडून साकारली. तोकड्या साधनांतून आलेला तो परका नाद आजच्या सफाईदार ध्वनींत मला सापडत नाही.