घरचा स्टोरेज आणि मीडिया सर्व्हर: बजेट कमी, पैसे कशावर घालावेत?

चारखण

घरचे फोटो, व्हिडिओ आणि सिनेमे तीन-चार पोर्टेबल डिस्कवर विखुरलेत. जुन्या कॅमकॉर्डरच्या मिनीडीव्ही फिती नुकत्याच डिजिटल करून घेतल्या, त्याही त्यातच. सगळं मिळून ५ टीबीच्या आसपास भरतं. ते एका जागी यावं आणि दोन्ही टीव्हींवर बघता यावं, एवढंच हवंय. एक टीव्ही नवा आहे; दुसरा जुना, तो एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटच्या फाइल उघडतच नाही.

दोन पर्यायांवर अडलोय: इंटेल एन१०० चा छोटा बोर्ड, त्यावर डिस्क जोडायचे दोनच सॅटा पोर्ट, किंवा ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड टॉवर, त्यात आय५-८५०० आणि ८ जीबी रॅम. मशीन चोवीस तास चालू राहणार. ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) नसेल तर झेडएफएस (फाइल बिघडली का ते तपासणारी फाइल सिस्टीम) वापरूच नये असं वाचलं, ते खरं का? आणि दोन डिस्कचं रेड १ (दोन्हींवर एकच डेटा) करू की चार डिस्कचं रेड ५ (एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा परत उभा राहतो)?

निळीवायर

चोवीस तास चालणार असेल तर एन१००. प्रोसेसरचा टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाने ठरवलेला विजेचा आकडा) ६ वॅट, पंख्याचा आवाज नाही, आणि एव्ही१ हा एचईव्हीसीहून नवा व्हिडिओ फॉरमॅट डीकोड होतो, जे आठव्या पिढीच्या आय५ ला हार्डवेअरमध्ये जमत नाही. रॅमचा एकच चॅनल आहे, पण या कामाला तो पुरतो.

तारजोड

प्रोसेसरवर इतका विचार करू नका, आधी डिस्क ठरवा. बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय काहीही बिघडलं तरी दुसरं आणता येतं. त्या फिती पुन्हा डिजिटल करायची वेळ आली तर तोवर फीत धड राहील का आणि ती वाचणारा कॅमेरा मिळेल का, हे कुणी सांगू शकत नाही. बजेटचा मोठा वाटा तिथेच जाऊ द्या.

माझं मत स्पष्ट सांगतो: ८ टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि रेड करू नका. एक सर्व्हरमध्ये, दुसरी बाहेर. आठवड्यातून एकदा जोडायची, बॅकअप घ्यायचा, काढून कपाटात ठेवायची. रेड १ चा उपयोग एवढाच की एक डिस्क गेली तरी मशीन थांबत नाही. घरी सिनेमा दोन दिवस बंद राहिला तर काही बिघडत नाही. पण चुकून एखादं फोल्डर डिलीट झालं तर रेड १ मध्ये ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. फोटो आणि फितींची तिसरी प्रत शक्यतो दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. ती छोट्या डिस्कवरही मावेल, कारण सिनेमे परत मिळतात, त्यांची प्रत कशाला?

चार छोट्या डिस्क घेऊन रेड ५ करण्याने विजेचं गणितही बिघडतं. ३.५ इंची डिस्क काही काम नसताना नुसती फिरत राहिली तरी ४ ते ६ वॅट घेते. १० वॅट वर्षभर म्हणजे जवळजवळ ८८ युनिट.

घेताना मॉडेल नंबर टाकून ती सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का, हे बघाच. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सलग मोठं लिखाण आलं की वेग पार कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड (Red, वरच्या RAID शी संबंध नाही) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यानंतर सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या आल्या, म्हणून नुसतं ‘रेड’ वाचून घेऊ नका. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे.

आता मशीन. तुमच्या गरजेला दोन्ही पुरतील, पण मी टॉवर घेईन: डिस्कला जागा आहे, सॅटा पोर्ट जास्त आहेत, रॅम हाताशी आहे. जुन्या टीव्हीसाठी १० बिट एचईव्हीसी उलगडून एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमध्ये करून पाठवायचं काम त्यातलं यूएचडी ६३० ग्राफिक्स आरामात करतं. जेलीफिन या मीडिया सर्व्हर प्रोग्रॅममध्ये हे हार्डवेअर ट्रान्सकोडिंग फुकट आहे, तशाच प्लेक्सला त्यासाठी प्लेक्स पास हे सशुल्क सदस्यत्व लागतं. दुसरा एखादा टॉवर पाहिलात तर प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ नाही ना, ते बघा. एफ असेल तर आत ग्राफिक्सच नसतं.

फितींना तर ट्रान्सकोडिंगची गरजच पडू देऊ नका. मूळ डीव्ही फाइल तासाला साधारण १३ जीबी, ती जशीच्या तशी जपा. बघण्यासाठी एकदाच डीइंटरलेस करून (एकाआड एक ओळींचं चित्र सलग करून) एच.२६४ प्रत काढा, दोन्ही टीव्हींवर थेट चालेल.

पॉवर सप्लायमध्ये सॅटाची टोकं कमी पडली तर मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून सॅटा करणारी वायर हातात घेऊन नीट बघा. काहींमध्ये तारा प्लॅस्टिकमध्येच ओतून बंद केलेल्या असतात, आत काय आहे ते दिसत नाही. तारा आत सरकून एकमेकींना टेकतात आणि कनेक्टर वितळतो, पेटतोसुद्धा. दुसऱ्या प्रकारात मागे उघडणारं झाकण असतं आणि प्रत्येक तार आपापल्या पात्यात दाबून बसवलेली दिसते. तीच घ्या. डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा १२ व्होल्टवर काही क्षण २ अँपिअरच्या आसपास ओढते, त्यामुळे इथे काटकसर नको.

ईसीसी असेल तर उत्तम, पण झेडएफएसची ती अट नाही. झेडएफएसला दर टीबीला १ जीबी रॅम हवी, हाही घरगुती वापराला लागू न होणारा हिशेब. ८ जीबीत चालेल. एकाच डिस्कवर झेडएफएसला फाइल दुरुस्त करता येत नाही, पण स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून होणारी तपासणी) कुठली बिघडली ते नाव घेऊन सांगतं. ती मग कपाटातल्या डिस्कवरून आणायची.

सांडगाठ

पुढे वेगवेगळ्या मापांच्या डिस्क जोडत जायचं असेल तर मर्जरएफएस (अनेक डिस्क एकच म्हणून दाखवतो) आणि स्नॅपरेड (बाकीच्या डिस्क दुरुस्त करायची माहिती, म्हणजे पॅरिटी, वेगळ्या डिस्कवर ठेवतो) बघा. फक्त पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. सिनेमे आणि फोटो फारसे बदलत नाहीत, त्यामुळे रात्री एकदा सिंक करून पॅरिटी ताजी केली की झालं. ओपनमीडियाव्हॉल्ट या घरगुती सर्व्हरच्या सिस्टीमवर दोन्ही बसतात.

चारखण

टॉवर ठरवला. रेड नाही, दुसरी डिस्क कपाटात. एक शंका: टॉवरवाला त्याच्याकडची एक वापरलेली ४ टीबी डिस्कही देतोय. तिसऱ्या प्रतीला घेऊ का?

तारजोड

घेण्याआधी स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) आकडे मागवा. ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींची रॉ व्हॅल्यू शून्य हवी. १९७ मध्ये एक जरी दिसला तरी सोडा, कारण तो सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) डिस्कला वाचता आलेला नाही. आकडे चांगले असतील तर घरी आणून स्मार्टची लाँग टेस्ट लावा, मग बॅडब्लॉक्स हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम लिहिण्याच्या मोडमध्ये चालवा. त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी बाकीच्या डिस्क काढून ठेवा. ४ टीबीला दोन-तीन दिवस लागतील, चालू द्या. नंतर तेच तीन आकडे पुन्हा वाचा आणि शून्यच असतील तरच फिती त्यावर टाका. नव्या डिस्कनाही हीच चाचणी लावा, बदलून द्यायची मुदत संपायच्या आत.