पूरग्रस्त शाळेला दप्तरं द्यावीत की रोख?

समा रोडची मावशी:
आमच्या भजनी मंडळानं मराठवाड्यातल्या एका पूरग्रस्त शाळेसाठी ३८,००० जमवलेत. बायकांना दप्तरंच वाटायचीत (फोटो छान येतो ना!). मी म्हणते, रोख द्या. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी आमच्या वडोदऱ्याच्या घरात शिरली, तेव्हा मदत म्हणून जुन्या साड्यांचे तीन गठ्ठे आले. हवं होतं फावडं नि फिनेल. काय करू?

निवृत्त मास्तर:
मावशी, आधी मुख्याध्यापकांना फोन करा. मुलांना दप्तरं चारजण देतात, शाळेचं दप्तर मात्र भिजून लगदा होतं. जनरल रजिस्टर, दाखले पुन्हा उभे करायला कपाट नि झेरॉक्सचा खर्च कोणी देत नाही.

औशाची लेक:
३० सप्टेंबर १९९३चा भूकंप मी पाहिलाय. किल्लारी नव्या जागी वसली, घरं मिळाली, शेतं मात्र लांब पडली. थोडे पैसे मुलांच्या घरच्यांसाठी ठेवा. शेळी वाहून गेलेल्या घरातलं पोर आधी मजुरीला जातं.

हिशेबनीस:
८०जी (देणगीवरची करसवलत) हवं असेल तर रोख २,००० पर्यंतच. पुढचे चेकनं किंवा ऑनलाइन. नव्या करप्रणालीत तेही नाही.

समा रोडची मावशी:
मास्तर, फोन केला. कपाटच हवंय, लोखंडी!