तीस सेकंद आणि साडेतीन मिनिटं : गाणी-जाहिरातींच्या सेटवरचे अनुभव

मागच्या महिन्यात एका बिस्किटाच्या जाहिरातीची पीपीएम होती, म्हणजे शूटिंगआधीची शेवटची मोठी बैठक. क्लायंट, एजन्सी आणि आम्ही मिळून चौदा जण, टेबलावर तीन बश्या. कोणती बशी घ्यायची यावर पन्नास मिनिटं गेली. बाहेर पडताना माझ्या नव्या असिस्टंटने जिन्यातच विचारलं, "सर, तुम्हाला सिनेमा करायचा होता ना?" मी म्हटलं, चल, चहा घेऊ. दुसरं काही सुचलं नाही. म्हणून हा धागा.

आधी माझं सांगतो. १९९५ साली सांगलीत आमच्याकडे केबल नव्हती, समोरच्या काकूंकडे होती. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' लागलं की मी त्यांच्या उंबऱ्यावर हजर. सगळे मिलिंद सोमणकडे बघायचे, मीही बघायचो. पण हा राजवाडा, हे कपडे, ही कॅमेऱ्याची चाल कुणीतरी बसून ठरवलेली असते, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. त्या व्हिडिओचे डायरेक्टर केन घोष, हे नाव तर मुंबईत आल्यावरच कळलं. २००३ मध्ये महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत क्लॅप द्यायला लागलो. पहिल्याच दिवशी क्लॅप मॉडेलच्या नाकाजवळ वाजवला आणि शिव्या खाल्ल्या.

गाण्याचं काम आणि जाहिरातीचं काम, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. गाणं आपल्याकडे येतं तेव्हा रेकॉर्ड झालेलं असतं. श्वास कुठे, तोडा कुठे, सगळं पक्कं. आपण फक्त डोळ्यांना काय द्यायचं ते बघायचं. जाहिरातीत गोष्ट एजन्सी देते आणि ती मी कशी सांगेन याचं टिपण डायरेक्टर लिहितो. त्याला म्हणतात ट्रीटमेंट. बहुतेक वेळा ती तिघांकडून मागवतात. काम एकाला मिळतं, बाकी दोघांची जागरणं फुकट. शिवाय मूड दाखवायला तिच्यात दुसऱ्यांच्या फिल्मचे तुकडे चिकटवायची पद्धत आहे. क्लायंट नेमका त्याच तुकड्याच्या प्रेमात पडतो. मग शूटच्या दिवशी मॉनिटरसमोर सुरू होतं, "रेफरन्ससारखं नाही वाटत हो." अहो, तो आइसलँडमध्ये केलाय, आपण वसईत आहोत! आता मी दुसऱ्याची फ्रेम लावतच नाही. स्वतः चितारतो. माझी चित्रं इतकी भिकार असतात की त्यांच्या प्रेमात कुणी पडत नाही.

आता तुम्ही सांगा. एखादा शॉट, एखादी फजिती, एखादी युक्ती. "सिनेमा कधी करणार" हा प्रश्न इथे विचारायला मनाई आहे.

फिल्मच्या जमान्यातली असिस्टंट, पुणे

माझी फजिती २००४ची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एका अल्बमचं गाणं होतं आणि पडद्यावर गायिका स्वतःच. तिने स्लो मोशनमध्ये पायऱ्या उतरायच्या, पण ओठ गाण्याशी जुळले पाहिजेत. याची रीत ठरलेली आहे. कॅमेरा सेकंदाला २४ऐवजी ४८ फ्रेम्सवर चालवायचा, गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गाणाऱ्याने त्याच वेगाने ओठ हलवायचे. नंतर ते २४ने दाखवलं की चाल संथ होते आणि ओठ बरोबर बसतात. पण सेटवर ऐकू काय येतं? चिमण्यांचं भजन! घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार. एक आजी म्हणाल्या, "पोरीला भूक लागली असंल, लवकर उरकतीय."

जेवणानंतर साउंडवाल्याकडून साध्या वेगाची सीडी लागली. ते बघणं माझं काम होतं आणि मी वडापाव खात होते. कॅमेरा मात्र ४८वरच. फिल्मचा चारशे फुटांचा डबा २४ने साडेचार मिनिटांच्या आसपास चालतो, ४८ने जेमतेम सव्वादोन. असे पाच डबे गेले. फिल्म लॅबमधून धुऊन येईपर्यंत कुणालाच पत्ता नाही. आली तेव्हा पडद्यावर गायिका म्हशीसारखी रवंथ करत होती.

डायरेक्टर मला एक शब्द बोलला नाही, हे जास्त लागलं. त्याने एडिटला बसून त्या पाच डब्यांतून फक्त पाऊल, पदर, पाठ आणि पाण्यातलं प्रतिबिंब उचललं. अख्ख्या दुसऱ्या अंतऱ्यात ती कुठेच गाताना दिसत नाही. गाणं लागल्यावर लोक म्हणाले, काय काव्यात्म विचार आहे!

एक आगाऊ प्रश्न

ताई, त्या आजींना घेतलं की नाही व्हिडिओत?

पुन्हा तीच असिस्टंट

घेतलं ना. पहिल्या कडव्यात धुणं पिळताना. मानधन म्हणून त्यांनी साबणाच्या दोन वड्या मागितल्या.

ढोलकीवाला, नारायणगाव

वडील तमाशाच्या फडात ढोलकीवर होते, मीही दहा वर्षं वाजवली. पुढे कॅमेरा हातात आला तरी कान काही सुटला नाही. मित्राने एकदा मिशेल गाँद्रीचं काम दाखवलं. तो फ्रेंच डायरेक्टर मूळचा ड्रमर. डाफ्ट पंक या बँडच्या 'अराउंड द वर्ल्ड' गाण्याच्या व्हिडिओत (१९९७) त्याने नाचणाऱ्यांची प्रत्येक टोळी एकेका वाद्याला वाटून दिलीय. बेसचे सूर चढले-उतरले की एक टोळी पायऱ्या चढते-उतरते. मी रात्रभर तेच बघत बसलो. म्हटलं, आपल्याकडे तर बसल्या जागी एवढी वाद्यं आहेत.

पुढचं गाणं आलं ते लावणीच्या ढंगाचं. मी वहीत मात्रा मांडल्या. ढोलकीला अनवाणी पाय दिले, हलगीला भाकरी थापणारे हात आणि तुणतुण्याला शिलाई मशीनची सुई. जुन्नरजवळच्या एका वाड्यात दीड दिवसात उरकलं. निर्मात्याने पहिला कट बघितला आणि एकच विचारलं, "हिरॉइन कुठंय?" मग अर्ध्यातून पुढे हिरॉइन आली. त्यांचंही बरोबरच, पैसे त्यांचे.

पण खरी परीक्षा घरी होती. मी दर ठोक्याला कट मारला होता आणि स्वतःवर फार खूश होतो. वडिलांनी मोबाइलवर बघितलं आणि म्हणाले, "समेवर कुणीबी येतं. तू दर थापेला डोळ्यात बोट घालायला लागलास, तर ढोलकी ऐकायची कधी?" परत बसलो. निम्मे कट काढले, काही दोन-दोन मात्रा पुढे सरकवले, आणि तोड्याच्या वेळी कॅमेरा नुसता हातावर ठेवला. तेवढे अकरा सेकंद मला आजही बघवतात. बाकी गाणं ठीकठाक.

फूड स्टायलिस्ट, ठाणे

आमच्या धंद्यात पदार्थालाही हिरो म्हणतात. तुपाच्या एका जाहिरातीसाठी साठ पुरणपोळ्या लाटल्या, त्यातली एक हिरो. बाकीच्या युनिटने खाल्ल्या, त्यामुळे त्या दिवशी सगळे माझ्याशी फार गोड होते. बाटलीवरचे थेंब ग्लिसरीनचे, पेल्यातला बर्फ ॲक्रिलिकचा, ते सगळं खरं आहे. पण ज्याची जाहिरात तो माल मी खराच वापरते. आणि खरा माल छळतो. डायरेक्टरला तुपाची धार हाय-स्पीड कॅमेऱ्यावर हवी होती, अगदी सावकाश पोळीवर उतरणारी. गरम तूप पाण्यासारखं पळतं, निवलं की रवाळ दिसतं. मधला तो कोमट क्षण फार तर दीड मिनिटाचा. कॅमेरावाले म्हणायचे "रेडी", तोवर तूप थिजलेलं. शेवटी मी उलटं केलं. वाटीत बोट बुडवून मीच "रेडी" म्हणायचं आणि मग त्यांनी कॅमेरा चालू करायचा. सतराव्या धारेला जमलं.

लग्नं शूट करणारा, संगमनेर

तुमचे चौदा जण आणि तीन बश्या वाचून हसू आलं. आमच्या पहिल्या गाण्याचं बजेट पंच्याऐंशी हजार होतं, त्यात हिरॉइनची गाडी, ड्रोन, जेवण आणि बैलजोडी. बैलांनी ड्रोनच्या आवाजाला बिचकून गाडी शेताच्या बांधावर घातली. हिरो उडी मारून पळाला, हिरॉइन बसून राहिली. तोच शॉट ठेवला, चालला पण. वीस हजार अजून यायचे आहेत. कुणाकडून ते लिहीत नाही, त्याच माणसाचं पुढचं गाणं हातात आहे.

आता मात्र काम बदललंय. निर्माता गाणं ऐकवायच्या आधी हूक स्टेप दाखवतो, म्हणजे लोकांनी उचलावी अशी नाचाची एक स्टेप. रीलवर चालला पाहिजे तो तुकडा, मग बाकीचं गाणं. मी मॉनिटरच्या दोन्ही कडांना काळी टेप लावतो. मधल्या उभ्या पट्टीत नाच बसला पाहिजे, कडेला राहील ते यूट्यूबवाल्यांसाठी. सह्याद्री सगळा टेपच्या मागे जातो राव.

एडिटर, मुंबई

तीस सेकंद म्हणजे सेकंदाला २५च्या हिशेबाने ७५० फ्रेम्स. एका जाहिरातीत आजोबा नातीला "घे" म्हणायच्या आधी थांबतात. त्या थांबण्याच्या बावीस फ्रेम्स होत्या, सेकंदभरही नाही. माझ्या मते जाहिरात तेवढीच होती. क्लायंटला शेवटचा पॅक शॉट, म्हणजे मालाचं पाकीट दाखवणारा शॉट, एक सेकंदाने वाढवून हवा होता. पंचवीस फ्रेम्स कुठून आणायच्या? खोलीतले सगळे त्या आजोबांकडे बघायला लागले. मी चहा मागवला, सगळे बाहेर गेले, तेवढ्यात दार उघडण्याचा शॉट सतरा फ्रेम्सनी कापला आणि आजोबांच्या फक्त आठ घेतल्या. चौदा वाचल्या. कुणाला कळलं नाही. मग वीस सेकंदांची आवृत्ती मागितली आणि टीव्हीवर तीच चालली. तिच्यात आजोबाच नाहीत.

लाइटमनची मुलगी, गोरेगाव

बाबा बोलताहेत, मी टाइप करतेय. ते ३१ वर्षं लाइटवर होते. म्हणतात, डायरेक्टर लोकांचं ऐकलं, आता आमचं लिही.

साबणाची जाहिरात होती, सकाळची वेळ दाखवायची होती. बाहेर जुलैचा पाऊस धो धो. स्टुडिओत खोटी खिडकी, तिच्याबाहेर मोठा दिवा लावून ऊन पाडलं. कॅमेरामन म्हणाला, भिंत मेल्यासारखी दिसतेय. बाबा छत्री घेऊन आवारात गेले, जांभळाची फांदी तोडून आणली आणि दिव्यापुढे धरून हळूहळू हलवायला लागले. भिंतीवर पानांची सावली आली. कॅमेरामनने नुसता अंगठा दाखवला. मग सहा तास तेच. एका हाताला रग लागली की दुसरा हात, पण वारा थांबता कामा नये.

ती जाहिरात लागली की बाबा आम्हाला स्वयंपाकघरातून, संडासातून, कुठूनही हाका मारून बोलवायचे. "ती सावली बघ. तो मी."

आई आत्ता मागून म्हणतेय, तेही लिही. फांदीला एवढा वारा लागतोय, मग त्या बाईचा एक केस कसा हलत नाही?