वाड्याच्या जिन्यातला प्रसंग: पार्श्वसंगीत पुढे ठेवायचं की इफेक्ट्स?

जिना_शॉर्टफिल्म

बावीस मिनिटांची मराठी शॉर्ट फिल्म आहे, एडिट लॉक झालंय. अडलंय एका प्रसंगावर. शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना, वर पत्रा, बाहेर धो धो पाऊस. वाडा बिल्डरला द्यायच्या कागदांवर सही घ्यायला मुलगा आलाय. आई वरच्या पायरीवर, तो खाली. एकूण ३ मिनिटं ४० सेकंद. पहिलं दीड मिनिट संवाद जवळजवळ नाहीत, मग माय-लेकाचं हळू आवाजातलं बोलणं, आणि शेवटच्या वीस सेकंदांत आई दार लावून घेते.

संगीतकाराने सलग क्यू (प्रसंगापुरता संगीताचा तुकडा) दिलाय: चेलो, खर्जातली बासरी, पखवाज. साउंड डिझायनरने पत्र्यावरचा पाऊस, पायऱ्यांची करकर, भिंतीवरच्या घड्याळाचे टोले असं सगळं भरलंय. संगीत ही एकच स्टिरिओ फाइल आहे. हेडफोनवर सगळं छान लागतं. कोथरूडच्या एका छोट्या थिएटरात लावलं तेव्हा आईची निम्मी वाक्यं कळेनात. शिवाय शेवटच्या काही मिनिटांत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. सुरुवातीला तसं काहीच नाही. टाइमलाइन २३.९७६ फ्रेम्सची आहे, डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रत) स्टिरिओमध्ये बनवला.

आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो पाऊस उतरवा, दुसरा म्हणतो संगीत उतरवा. नेमकं काय करावं?

पागोळी

फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) भांडून हे सुटणार नाही. दोघांनी एकत्र बसून या प्रसंगाचं स्पॉटिंग पुन्हा करा: पिक्चर लावायचं आणि दर दहा-पंधरा सेकंदांना ठरवायचं की इथे प्रेक्षकाचा कान कुणाकडे असायला हवा. एका वेळी एकच मालक. बाकीचे गप्प बसतील किंवा मागे सरतील. आत्ता तुमच्याकडे तीन मालक आहेत आणि तिघंही पावणेचार मिनिटं सलग बोलतायत.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दीड मिनिटात संगीत नको. पाऊस, जिना आणि घड्याळ यांतच त्या घराची सगळी कथा आहे, त्यावर चेलो आला की प्रेक्षकाला काय वाटायचं ते आधीच सांगून टाकल्यासारखं होतं. आणि हे आपल्या गावाला नवीन नाही. १९३७ साली शांतारामबापूंनी इथेच, प्रभातच्या स्टुडिओत, म्हणजे आजच्या एफटीआयआयच्या आवारात, 'कुंकू' केला, तो पार्श्वसंगीताशिवाय. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना. गाणी आहेत, पण संगीत येतं ते प्रसंगातल्या प्रसंगात. शांता आपट्यांचं इंग्रजी कवितेचं गाणंसुद्धा ग्रामोफोनच्या रेकॉर्डला जोडून येतं. त्या काळची ध्वनियंत्रणा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो निर्णय किती मोठा होता ते कळेल.

पावसाबद्दल. एकच लांबलचक 'पाऊस' फाइल लावली असेल तर ती काढा. तीन थर वेगळे करा: लांबचा, रस्त्यावरचा पाऊस, पत्र्यावरचा तडतडाट, आणि पागोळ्या. पत्र्याचा आवाज सलग असतो आणि त्याची बरीच ताकद साधारण १ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. व्यंजनं तिथेच राहतात. पाट, पात, पाच हे शब्द शेवटच्या एका व्यंजनावर ओळखू येतात. ते पत्र्याखाली गेलं की तिन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून आईने तोंड उघडायच्या आधी पत्रा हळूहळू उतरवायचा, सहा-आठ सेकंद घेऊन ६ ते ८ डेसिबल. इतका सावकाश उतार कुणाच्या लक्षात येत नाही, कानाला पाऊस तेवढाच पडतोय असं वाटत राहतं. झटकन उतरवला तर मात्र कुणीतरी खिडकी लावली असं वाटेल.

बोलण्याच्या मागे पागोळ्या ठेवा. दोन थेंबांमध्ये मोकळी जागा असते आणि शब्द त्या जागेत बसतो. एखादा थेंब नेमका शब्दावर पडत असेल तर चार-पाच फ्रेम सरकवा. काम चिकाटीचं आहे, पण दोन मिनिटांच्या संवादाला एक संध्याकाळ पुरते.

पायऱ्यांचंही तसंच. प्रत्येक पावलाला करकर लावली की भुताचा सिनेमा होतो. मुलगा थांबतो ती पायरी आणि आई मागे सरकते ती पायरी, एवढ्या दोनच करकरू द्या. बाकी पावलं नुसती थप, आणि आईच्या नऊवारीची सळसळ.

खर्ज_पंचम

वरचं पावसाचं सगळं मान्य, संगीताचं नाही. पार्श्वसंगीत नसणं म्हणजे आपोआप उच्च अभिरुची, हा समज इथे फार बोकाळलाय. 'सायको'मध्ये, १९६०, न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यांवर ते केलं, ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. तीनच वर्षांनी 'द बर्ड्स'मध्ये त्याच दिग्दर्शकाने नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. पक्ष्यांचे आवाज ऑस्कर साला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बनवले, आणि ध्वनी सल्लागार म्हणून पुन्हा हर्मनच. तोच माणूस एका ठिकाणी वाजवतो, दुसऱ्या ठिकाणी वाजवत नाही. प्रसंग काय मागतो ते महत्त्वाचं.

तुमच्या प्रसंगात पहिल्या दीड मिनिटात संवाद नाहीत, म्हणजे संगीताला मोकळं रान तिथेच आहे. ते तिथून काढून संवादांखाली ठेवायचं हे उलटं झालं. मी क्यू असा लावेन: सुरुवातीला पाऊस एकटा, पंधरा-वीस सेकंद. मुलाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला की चेलो. आईचं पहिलं वाक्य यायच्या दोन-तीन सेकंद आधी क्यू संपवायचा, फेडने गायब करायचा नाही. वाक्य पुरं होऊन स्वर थांबायला हवा. संवाद कोरडे. दार लागल्यावर एकटी बासरी.

आता वाद्यांचं. अडचण आवाजाच्या पातळीपेक्षा जागेची आहे. पखवाजाची धुमेची (डावी, खर्जाची) बाजू आणि लाकडी पायरीवरचं पाऊल दोन्ही साधारण ८० ते २५० हर्ट्झमध्ये येतात. दोघं एकत्र आले की पाऊल कुठलं आणि थाप कुठली कळत नाही, नुसता गलबला. ईक्यूने (काही फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) हे निम्मंच सुटतं. संगीतकाराला सांगा, पावलं दिसतात तिथे धुमेच्या थापा काढून फक्त शाईच्या (उजव्या) बाजूचे बोल ठेवायचे, किंवा थाप दोन पावलांच्या मधे टाकायची. तो दहा मिनिटांत करून देईल. चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपासची. पुरुषी आवाज त्याच्या वर सुरू होतो. तेव्हा मुलगा बोलताना चेलो हवाच असेल तर खालच्या तारेवरचा एक लांब स्वर चालेल, मधल्या सप्तकातली हलती चाल नाही. ती शब्दांशी झोंबते.

घड्याळाचे टोले कुणीच तपासले नसणार, ते आजच तपासा. टोल्याला स्वर असतो. क्यूचा षड्ज काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी) आणि टोला त्याच्यापासून पाव-अर्धा सुराने सरकलेला असेल तर प्रेक्षकाला कारण न कळता बेसूर वाटत राहील. ट्यूनरला टोला ऐकवून स्वर काढा आणि टोला क्यूच्या सा किंवा पवर आणा. अर्ध्या-पाऊण सुरापर्यंत सरकवलं तरी घड्याळ घड्याळच वाटतं. त्यापुढे गेलात तर खेळण्यातलं वाटेल, मग दुसरा टोला रेकॉर्ड करा.

मिक्स_डेक्कन

थिएटरात शब्द का गेले, त्याचं मुख्य कारण वरच्या दोघांच्याही उत्तरात नाही. तुमचा डीसीपी स्टिरिओ आहे. म्हणजे पडद्यामागचा मधला स्पीकर गप्प बसला होता आणि आई डाव्या-उजव्या स्पीकरमधून बोलत होती, त्याच दोन स्पीकरमधून जिथून पाऊस आणि चेलो येत होते. हेडफोनमध्ये ते डोक्याच्या मधोमध ऐकू येतं म्हणून फसायला होतं. थिएटरात कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला दोन्ही स्पीकरमधून तोच शब्द थोड्या पुढेमागे वेळेने पोचतो आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात, तेही नेमक्या व्यंजनांच्या पट्ट्यात. ५.१ मिक्स (पुढे तीन चॅनेल, कडेला-मागे दोन सराउंड आणि खर्जाचा एक) करा: संवाद मधल्या चॅनेलमध्ये, संगीत डावी-उजवीकडे आणि थोडं सराउंडला, लांबचा पाऊस सराउंडमध्ये, पागोळ्या पुढे. निम्मं भांडण तिथेच मिटेल, कुणाचाच आवाज कमी न करता.

त्यासाठी संगीताची एकच स्टिरिओ फाइल चालणार नाही. स्टेम्स (वाद्यागणिक वेगळ्या फाइल्स) मागा: पखवाज, चेलो, बासरी आणि रिव्हर्ब वेगळा. सगळ्या फाइल्स ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या, आधी शांतता असली तरी. संगीतकाराने मास्टरवर (सगळ्या वाद्यांच्या एकत्र आवाजावर) लिमिटर (मोठे आवाज दाबणारं साधन) लावला असेल तर तो काढूनच स्टेम्स काढायचे, नाहीतर चार स्टेम्स एकत्र केल्यावर मूळ क्यूसारखं वाजत नाही आणि मग 'तुम्ही माझं संगीत बिघडवलंत' सुरू होतं.

संवादांखाली संगीत ठेवायचंच असेल तर अख्खं उतरवू नका. संगीताच्या बसवर (संगीताचे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरता आपोआप उतरणारा), २ ते ४ किलोहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात जास्तीत जास्त ३ डेसिबल, संवादाच्या ट्रॅकने चालवलेला. अटॅक (उतरायला लागणारा वेळ) २०-३० मिलिसेकंद, रिलीज (परत वर यायला लागणारा वेळ) ३००च्या आसपास. रिलीज फार कमी ठेवलात तर प्रत्येक शब्दानंतर संगीत उसळी मारतं, धाप लागल्यासारखं.

मिक्स करताना ऐकायची पातळी ठरवून ठेवा. उणे २० डीबीएफएसचा (फाइलमधल्या कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा) पिंक नॉइज (चाचणीचा सलग खरखराट) प्रत्येक पुढच्या स्पीकरला मोठ्या थिएटरात ८५ डेसिबल सी (आवाजमापकाच्या सी सेटिंगवर), सराउंडला ८२. घरातल्या छोट्या खोलीत ७६ ते ७९ ठेवा. मग नॉबला हात लावायचा नाही. आवाज वाढवून मिक्स केलं की आईची कुजबुज छान वाटते, आणि थिएटरवाल्याने फेडर ७ऐवजी (हा ठरलेला आकडा) ५वर ठेवला की गायब होते. आपल्याकडे बरीच थिएटरं ७च्या खालीच चालवतात, तेव्हा तयार मिक्स एकदा ६ डेसिबल कमी करून, कडेच्या खुर्चीवर बसून ऐका. संहिता न वाचलेल्या माणसाला शेजारी बसवा. तुम्हाला संवाद पाठ आहेत, तुम्हाला ते ऐकू येतच राहणार.

यूट्यूबसाठी वेगळं स्टिरिओ मिक्स काढा. तिथे साधारण उणे १४ एलयूएफएसहून (सरासरी जाणवणाऱ्या आवाजाचं माप) मोठं मिक्स तेवढ्यावर उतरवून वाजवलं जातं. तो आकडा थिएटरच्या मिक्सला लावू नका.

फ्रेम_मोजणारा

ओठांचं उत्तर देतो, बाकीचं वर आलंय. चूक सुरुवातीला नाही आणि शेवटी आहे, म्हणजे हा सरळ ड्रिफ्ट, हळूहळू वाढत जाणारा फरक. तुमची टाइमलाइन २३.९७६, डीसीपी २४. चित्र ०.१ टक्का जास्त वेगाने धावलं, आवाज मूळ वेगानेच राहिला. २२ मिनिटं म्हणजे १३२० सेकंद, त्याचा हजारावा भाग १.३२ सेकंद. शेवटच्या संवादाला आवाज जवळजवळ एवढाच मागे पडत असेल. शेवट सरकवून सुरुवात बिघडवू नका. अख्खा आवाज ०.१ टक्का वेगवान करून पुन्हा काढा. स्वर दोन सेंटपेक्षाही (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) कमी चढतो, पखवाजवाल्यालाही कळणार नाही.

पुढच्या वेळी चाचणी सोपी आहे. पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी, २४ला ४८ फ्रेम्स, एक फ्रेमभर १ किलोहर्ट्झचा टोन ठेवा आणि शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच दुसरा. ४८ किलोहर्ट्झला २४च्या एका फ्रेममध्ये नेमके २००० सॅम्पल्स बसतात. दोन्ही टोन आपापल्या फ्रेमवर पडले तर ड्रिफ्ट नाही. दोन्ही सारखेच सरकले असतील तर नुसतं ऑफसेट (सगळीकडे सारखाच फरक) आहे. संगीतकार आणि डिझायनर दोघांनाही हे टोन असलेलाच व्हिडिओ द्या.

एक-दीड फ्रेमच्या फरकावरून मात्र भांडू नका. आवाज २४च्या एका फ्रेममध्ये साधारण १४ मीटर जातो. वीस मीटर मागे बसलेल्याला तो तसाही उशिराच मिळणार.

जिना_शॉर्टफिल्म

टोला तपासला, क्यूच्या षड्जापासून जवळजवळ अर्ध्या सुराने खाली आहे. स्टेम्स मागितले, ५.१ करतोय. एकच राहिलं: चेलो पहिल्या पायरीपासून आणायचा, की पागोळी म्हणतात तसं पहिल्या दीड मिनिटात संगीतच नको?

पागोळी

दोन्ही मिक्स काढा, पण खर्ज_पंचम यांच्या मांडणीत एक अट घाला. चेलो मुलाच्या पायाबरोबर सुरू करू नका, तो पायरीवर थांबतो तिथे आणा. पाय पडताना लाकूडच ऐकू यायला हवं. चेलो त्या थांबण्यातून आला तर तो मुलाच्या मनातला होईल, पायाखालचा नाही. एवढं केलंत तर पहिल्या दीड मिनिटातल्या संगीताला माझा विरोध नाही. फक्त पत्र्याचा उतार मग चेलोच्या आत जाऊन मोडेल, तेव्हा तो चेलो संपल्यानंतर नव्हे, त्याच्या शेवटच्या स्वराबरोबरच सुरू करा.

खर्ज_पंचम

मान्य. आणि शेवटचा स्वर साने मिटवू नका, पवर सोडा. त्यानंतर आईचं वाक्य येणार आहे, ते ऐकायला कान उघडा राहील.